उद्धरण आणि कृपा : ख्रिस्ती मतातील तारणाचा विचार

कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणाऱ्या एका उपदेशी वासनिकाला त्याच्या शेजाऱ्याने सहज बोलता बोलता एक प्रश्न विचारला. शेजारी ख्रिस्ती, निवृत्त शिक्षक. दोन्ही घरांचा घरोबा जुना. प्रश्नात कुचेष्टा नव्हती. "अण्णा, तुम्ही पहाटे उठून स्मरणाला बसता, नेम पाळता, खाण्यापिण्याचं पथ्य सांभाळता. एवढं सगळं करून शेवटी मोक्ष मिळणार, याची खात्री आहे का तुम्हांला? आम्हांला ती आजच आहे. कारण आम्ही काही केलेलंच नाही. जे केलं ते देवानं केलं." अण्णांनी प्रामाणिकपणे सांगितले, "खात्री नाही, आशा आहे." उत्तर देऊन झाले, पण ते त्यांच्याच मनाला अपुरे वाटत राहिले, आणि पुढे निरूपणाच्या वेळी त्यांनी तो प्रश्न जसाच्या तसा साधनवंतांपुढे ठेवला.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर हे १८५२ साली कोल्हापुरात आले. तेव्हापासून या नगरात ख्रिस्ती मताचे मराठी बोलणारे, मराठीतच प्रार्थना करणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. दुसरीकडे हेच कोल्हापूर परमार्गीयांना श्रीदत्तात्रेयप्रभूंचे भिक्षास्थान म्हणून वंदनीय आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या नावाने वसलेल्या आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या राजारामपुरीच्या गल्ल्यांतून दोन्ही मतांची माणसे एकमेकांच्या दारावरून जातात, सणासुदीला एकमेकांकडे ताटे पाठवतात. अशा ठिकाणी 'तारण कशाने होते?' हा प्रश्न ग्रंथात राहत नाही, ओसरीवर येतो. म्हणून त्याचा विचार उद्धरण प्रकरणाच्या अनुषंगाने येथे करावयाचा आहे.

प्रथम पूर्वपक्ष. तो मांडताना एक पथ्य पाळणे अवश्य आहे. परमताचे खंडन करणे सोपे असते, कारण बहुधा आपणच त्याचे दुबळे रूप उभे करतो आणि आपणच ते पाडतो. महानुभाव पंथाने हा अन्याय स्वतः शतकानुशतके सोसला आहे. त्याचे ग्रंथ न वाचता त्याच्याविषयी काय काय बोलले गेले, हे सर्वांस ठाऊक आहे. जो न्याय आपण इतरांकडे मागतो तो इतरांस देणे प्राप्त आहे.

मराठी ख्रिस्ती जन 'तारण' हा शब्द मोक्षाच्या अर्थी वापरतात आणि ते ज्याच्यामुळे होते त्याला 'कृपा' म्हणतात. या विचाराचे मूळ पौल नामक आद्य प्रचारकाच्या पत्रांत आहे, विशेषतः रोमकरांस आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत. त्याचा आशय असा की, मनुष्य पापाच्या अंमलाखाली आहे. नियमशास्त्र त्याला पाप कोणते ते दाखवते, पण त्यातून सुटण्याचे बळ देत नाही. रोग्याला रोगाचे नाव कळले म्हणून रोग जात नाही, तसेच हे. तेव्हा देवानेच पुढाकार घेतला; येशू ख्रिस्ताच्या रूपाने तो मनुष्य झाला आणि वधस्तंभावरील मरणाने त्याने मनुष्याचे देणे फेडले. ही देणगी आहे, मजुरी नव्हे. ती विश्वासाने घ्यावयाची. आणि कोणी 'मी मिळवली' म्हणून बढाई मारू नये, याकरिताच ती कर्मांवर अवलंबून ठेवलेली नाही.

येशूने स्वतः हीच गोष्ट दृष्टांतांनी सांगितली आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या धन्याची कथा आहे. तो पहाटे मजूर लावतो, दुपारी लावतो, दिवस मावळायला तास उरला असताही लावतो, आणि संध्याकाळी सर्वांना सारखीच मजुरी देतो. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुरतात. त्यांची कुरकुर आपल्यालाही रास्त वाटते. आणि वाटते यातच दृष्टांताचे मर्म आहे. लूकाच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राची कथा तर सुप्रसिद्ध आहे. वडिलांची मालमत्ता उधळून डुकरे राखण्यापर्यंत पोचलेला धाकटा मुलगा परत निघतो. त्याने क्षमेची वाक्ये तोंडपाठ केली आहेत. पण तो दूर असतानाच बाप त्याला पाहतो आणि धावत जाऊन गळ्यात पडतो. या कथेत थोरल्या मुलाकडे वाचकाचे दुर्लक्ष होते. तो घरी राहिलेला, आज्ञेत वागलेला, आणि धाकट्यासाठी मेजवानी झाली म्हणून अंगणात रुसून उभा असलेला. आचार पाळणाऱ्या कोणत्याही मार्गातील माणसाने ही कथा वाचताना आपण कोठे उभे आहोत ते पाहावे. बहुधा तो अंगणातच सापडतो.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. सर्व देवानेच केले असेल तर मनुष्याने वाटेल तसे वागावे काय? हा आक्षेप नवा नाही; पौलाने तो स्वतःच उपस्थित करून धिक्कारला आहे. त्याच ग्रंथसंग्रहात याकोबाचे पत्र आहे. त्यात कृतीवाचून विश्वास निर्जीव होय, असा स्पष्ट निर्णय दिला आहे. पुढे ख्रिस्ती पंडितांत यावर शतकानुशतके वाद झाला. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस नामक साधूचे म्हणणे पडले की मनुष्याची इच्छाशक्ती शाबूत आहे, त्याने निर्धार केला तर तो धर्माने चालू शकेल. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने उलट बाजू घेतली : ती इच्छा करण्याची इच्छादेखील कृपेनेच उपजते. ४१८ साली कार्थेज येथील धर्मसभेने पेलाजियसचे मत त्याज्य ठरवले. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने १५१७ पासून जी चळवळ केली तिचा गाभा हाच होता. त्याला उत्तर म्हणून भरलेल्या ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ साली निर्णय दिला की आरंभ कृपेचाच, परंतु त्या कृपेला मनुष्याने रुकार देऊन तिच्याशी सहकार्य केले पाहिजे; शिवाय आपल्यावर कृपा झालीच आहे, अशी निःसंशय खात्री कोणी बाळगू नये. हे दुसरे कलम राजारामपुरीतील शेजाऱ्याच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. 'खात्री आजच आहे' हे ख्रिस्ती मतातील एका शाखेचे बोलणे आहे, सर्व ख्रिस्ती जनांचे नव्हे. सुमारे साडेचारशे वर्षांच्या तंट्यानंतर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे कॅथलिक व ल्यूथरीय पक्षांनी या विषयावरील संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तारण केवळ कृपेने, आणि सत्कर्मे ही त्या कृपेची फळे, एवढ्यावर दोघांचे एकमत झाले. सर्व भेद मात्र मिटले नाहीत.

हा वाद परदेशी म्हणून बाजूला सारता येत नाही. दक्षिणेतील रामानुजीयांत असाच भेद आहे : एक पक्ष म्हणतो, वानरीचे पिल्लू जसे आईला घट्ट धरते तसे जीवाने देवाला धरावे, दुसरा म्हणतो, मांजरी पिल्लाला तोंडात धरून नेते, पिल्लू काहीच करीत नाही. देव आणि जीव ही दोन तत्त्वे मानली की 'आधी कोण हलले?' हा प्रश्न टळत नाही.

मराठी मुलखात या विचाराचे जिवंत उदाहरण पाहावयाचे तर पंडिता रमाबाईंचे पाहावे. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले, आणि सारे कुटुंब तीर्थयात्रा, पुराणकथन, व्रते, दानधर्म करीत देशभर हिंडले. गाठीचा पैसा देवाधर्माला संपला. १८७० नंतरच्या दुष्काळात आई, वडील व बहीण अन्नान्नदशेत गेली. कर्मांनी जे मिळवावयाचे ते मिळवण्यासाठी या कुटुंबाने काही शिल्लक ठेवले नव्हते. पुढे १८७८ साली कलकत्त्यात रमाबाईंना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथवरची कथा बहुतेकांस ठाऊक असते. परंतु त्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात जे सांगितले आहे ते अधिक विचारार्ह आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. म्हणजे धर्म बदलला, परंतु मनाची ठेवण तीच राहिली : आपण काही तरी करीत राहावे, तेव्हा देव पावेल. आपण पापी आहोत आणि आपल्या हातून काहीच होण्याजोगे नाही, हे जेव्हा त्यांनी मान्य केले तेव्हा त्यांचे मन स्थिरावले.

आता आक्षेपकाने विचारावे, की मग त्या स्वस्थ बसल्या काय? इतिहास उलट सांगतो. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढून त्यांनी कार्य आरंभले होतेच. ते पुढच्या वर्षी पुण्यास आले. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली व विधवा आणणे, त्यांच्यासाठी केडगाव येथे मुक्तिसदन उभारणे, विसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे दोन हजार निराश्रितांचा संसार चालवणे, उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून सबंध बायबल सोप्या मराठीत उतरवणे, हे सगळे त्या उमगण्यानंतरचे आहे. १९२२ साली देह पडेपर्यंत हे भाषांतराचे काम त्यांच्यापुढे होते. 'मला काही मिळवायचे नाही' असे ज्याला खरोखर वाटते त्याचे हात इतरांसाठी मोकळे होतात, एवढे या चरित्रावरून मान्य करावे लागते.

येथे परमार्गीयाने एका गोष्टीची खंत करावी अशी आहे. त्याच निवेदनात रमाबाईंनी लिहिले आहे की, स्त्रिया व शूद्र यांना त्यांच्या त्या देहात मोक्षाचा अधिकार नाही, असे आपण अभ्यासलेल्या शास्त्रांत आढळले आणि त्याने मन उद्विग्न झाले. ज्या महाराष्ट्रात त्यांनी हे अनुभवले त्याच महाराष्ट्रात तेराव्या शतकात सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी बाइसा, महदाइसा, आबाइसा, उमाइसा यांना मोक्षधर्म सांगितला, तोही लोकांच्या मराठीत. महदाइसेने शंका विचाराव्या आणि स्वामींनी निरसन करावे, असे कितीतरी प्रसंग लीळाचरित्रात आहेत. परंतु रमाबाई शास्त्रे धुंडीत होत्या तेव्हा हे वाङ्मय सकळादी सांकेतिक लिप्यांत बंदिस्त होते. त्या लिप्यांचे रहस्य पंथाबाहेरच्या अभ्यासकांना विसाव्या शतकाच्या आरंभी उलगडले. लिपी गुप्त ठेवण्यास त्या काळी कारणे होती, ती येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. पण ज्या स्त्रीने 'मला अधिकार आहे का?' म्हणून दारोदार विचारले, तिच्या कानी 'आहे' हे मराठी उत्तर गेले नाही. ते गेले असते तर काय झाले असते, हा तर्क व्यर्थ. दार लावलेले होते, हे मात्र खरे.

आता सिद्धान्तपक्ष. परमार्गात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी व परस्परांहून भिन्न मानले आहेत. जीव अनादी अविद्येने बद्ध आहे. देवता आपापल्या मगदुराप्रमाणे फळे देतात, पण ती फळे भोगून सरतात. मोक्ष देण्याचे सामर्थ्य त्यांच्या ठायी नाही. जीवाच्या कर्माने कर्मफळच मिळणार, आणि कर्मफळ कितीही थोर असले तरी त्याने अविद्येचा छेद होत नाही. तो छेद एक परमेश्वरच करतो. तेव्हा 'आपल्या करणीने मोक्ष मिळत नाही' हे ऐकून परमार्गीयाने दचकण्याचे कारण नाही. ते त्याच्या शास्त्राचे पहिलेच पाऊल आहे. परमेश्वराला जीवोद्धरणाचे व्यसन आहे, अशी जी पंथाची भाषा आहे तिच्यात 'व्यसन' हा शब्द किती विलक्षण आहे! व्यसनी मनुष्य समोरच्याची लायकी पाहून व्यसन करीत नाही; त्याला राहवत नाही म्हणून करतो. जीवाने हाक मारण्यापूर्वीच सृष्टी रचली गेली ती जीवाला संधी मिळावी म्हणून, आणि अवतार झाला तोही जीवाने मागितला म्हणून नव्हे.

लीळाचरित्रातील सशाची लीळा येथे आठवते. पारध्यांनी पिटाळलेला ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली शिरला. पारध्यांनी तो मागितला. शरण आला त्याला देणे नाही, असे स्वामींनी सांगितले. त्या सशाजवळ कोणता आचार होता? कोणते ज्ञान होते? तो भयाने धावला एवढेच. ख्रिस्ती वाचक म्हणेल, ही तर आमचीच गोष्ट. पण अभ्यासकाने दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. एक, सशाला तेथे अभय मिळाले, जीवदान मिळाले. मोक्षाचे निरूपण त्या लीळेत नाही, आणि लीळेत नसलेले तिच्यावर लादू नये. दुसरी, ससा धावला. ते धावणे हे अभयाचे मोल नव्हते, हे खरे. पण ज्याला कुत्र्यांचे भयच वाटले नाही तो धावला नसता. हे भय, ही आच, हा अनुताप जीवाच्या बाजूचा आहे. पौलाचे नियमशास्त्र जे काम करते तेच हे काम.

इतके साम्य पाहिल्यावर भेद लपवणे अप्रामाणिक ठरेल. ख्रिस्ती मताप्रमाणे जीव ईश्वराने निर्मिलेला आहे, जन्म एकच आहे, आणि बंधनाचे कारण पाप होय. आद्य मनुष्याच्या पतनापासून ते सर्वांच्या मागे लागले. परमार्ग यावर विचारतो : निर्माण करणाराही तोच आणि बद्ध अवस्थेत जन्मास घालणाराही तोच, तर बंधनाचा दोष कोणाकडे जातो? अविद्या अनादी म्हटली म्हणजे परमेश्वर त्या दोषापासून मुक्त राहतो आणि केवळ कृपाळू उरतो. ख्रिस्ती पंडित उत्तर देतात, की प्रेम स्वेच्छेनेच होते, आणि स्वेच्छा दिली की तिचा दुरुपयोगही संभवतो. हे उत्तर पहिल्या मनुष्यापुरते पुरते; त्याच्या वंशजांचे काय, हा प्रश्न राहतो. उलट परमार्गीयालाही प्रश्न विचारला जाईल : अवतार सन्निध असता ज्यांना ज्ञान-प्रेम लाभले त्यांचे ठीक, आज असन्निधानात जन्मलेल्याने काय करावे? ख्रिस्ती म्हणतो, विश्वास ठेव, आत्म्याच्या रूपाने तो आजही जवळ आहे. परमार्ग म्हणतो, निरूपित ज्ञान धर, अनन्य हो, आचार कर, आणि सन्निधानाची वाट पाहा. ही वाट पाहणे कठीण आहे. ख्रिस्ती मताचे आकर्षण अनेकांना वाटते ते बहुधा याच ठिकाणी.

मग आचार कशासाठी? अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे, आणि ते कोल्हापुरातच सापडण्याजोगे आहे. भिक्षुक झोळी घेऊन निघतो. त्याने अन्न पिकवले नाही, विकत घेतले नाही, रांधले नाही. घालणाऱ्याने घातले तर मिळाले. झोळी हे अन्नाचे मोल नव्हे. पण जो निघालाच नाही, किंवा ज्याची झोळी फाटकी आहे, त्याच्या पदरी घातलेले राहणार कशात? अटन, विजन, भिक्षा, स्मरण हा असतीपरीचा सारा आचार म्हणजे झोळी शिवणे होय. त्याने योग्यता येते. योग्यता म्हणजे घेण्याची पात्रता, मागण्याचा हक्क नव्हे. ज्याला हा भेद विसरला तो आचारवंत उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावासारखा अंगणात रुसतो. आणि ज्याने 'देव घालतोच आहे' म्हणून झोळीच टाकून दिली, त्याला पौल आणि याकोब दोघेही आपला म्हणणार नाहीत.

भेद राहतो तो क्रमाचा. ख्रिस्ती मनुष्य म्हणतो : मिळाले, म्हणून आता करतो. परमार्गीय म्हणतो : कळले, म्हणून करतो, मिळेल ते त्याच्या हाती. पण 'कळले' हेदेखील स्वतःच्या बुद्धीने कळलेले नाही. ज्ञान अवतारमुखातून आले, ते कोणी तप करून खेचून आणले नाही. म्हणजे पहिली भिक्षा झोळीत पडलेलीच आहे, आणि तेवढ्यापुरती अण्णांनाही खात्री बाळगता येईल. पुढच्या दाराची खात्री भिक्षुकाने धरू नये, असाच भिक्षेचा विधी आहे : घर निवडू नये, अमुक वाढा म्हणू नये, आणि कोणी नाही म्हटले तर त्या दारी रोष धरू नये.

अण्णांनी हे शेजाऱ्यांना सांगितले तेव्हा त्यांनी थोरल्या भावाची कथा पुन्हा वाचतो म्हणून सांगितले. तिच्याकडे आपण या बाजूने कधी पाहिले नव्हते, असे ते म्हणाले. असन्निधानातील जीवाला सन्निधान कसे प्राप्त होते, या सूत्रांचे निरूपण पुढील अंकी.